फुकट मिळणारे ज्ञान आणि सोलापूरचा वाचक

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा माणूस त्यांना देव मानतो, तर कन्नड साहित्याचा अभ्यासक त्यांना बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंच्या पंक्तीतला वचनकार मानतो. त्यांची वचने आज कुणालाही एक पैसा न देता वाचता येतात. कर्नाटकातल्या काही हौशी मंडळींनी 'वचन संचय' नावाचे संकेतस्थळ उभारले. शरणांची वीस हजारांवर वचने त्यांनी तिथे चढवली आणि कोणताही शब्द टाकून ती शोधता येतील अशी सोय केली. सोलापुरात कन्नड बोलणारी घरे अमाप. मात्र त्यांतली कितीतरी मुले मराठी शाळेत शिकली, त्यामुळे त्यांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. आपल्याच ग्रामदैवताचे शब्द खिशातल्या फोनवर हजर असूनही त्यांच्यासाठी ते कुलूपबंद आहेत.

विनामूल्य शैक्षणिक साहित्याचा प्रश्न इथे नेमका दिसतो. विज्ञान, समाज, धर्म, कला यांतले कोणतेही दालन उघडा, साहित्याचा तुटवडा नाही. अडचण असते ती त्याच्या भाषेची, रूपाची, हक्काची आणि पत्त्याची. या आढाव्यात सोलापूर जिल्ह्यातल्या सामान्य वाचकाला मध्ये ठेवले आहे. तो विद्यार्थी असेल, शिक्षक असेल, बागायतदार असेल किंवा निवृत्तीनंतर वाचनाला बसलेला गिरणी कामगार असेल.

या विषयात सोलापूर जिल्ह्याचे नाव जगभर गेले ते माढा तालुक्यातल्या परितेवाडीमुळे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोडवर फोन धरला की कविता ऐकू येई, धड्याचा व्हिडिओ दिसे, स्वाध्याय उघडे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापले जाऊ लागले आणि नंतर एनसीईआरटीनेही ती वाट धरली. डिसेंबर २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. रक्कम वाटण्याच्या गोष्टीचे कौतुक खूप झाले. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने नोंदवलेल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे मात्र कमी लोकांनी पाहिले. मुलांच्या घरची भाषा कन्नड होती, म्हणून डिसले यांनी पुस्तकातला मजकूर त्या भाषेत आणला. माझ्या मते कोडपेक्षा हे काम मोठे आहे. कोड छापायला एक दिवस पुरतो, पण त्यामागचा मजकूर मुलाच्या भाषेत आणायला शिक्षकाला वर्ष घालावे लागते.

कोडची मर्यादाही सांगायला हवी. कोडमागचे साहित्य साठवण्यासाठी २०१७ मध्ये केंद्राने 'दीक्षा' हा मंच सुरू केला. तिथले काही व्हिडिओ उत्तम आहेत, तर काही म्हणजे धडा मोठ्याने वाचून दाखवण्यापलीकडे काही नाहीत. कोणता व्हिडिओ पाहण्याजोगा आहे, हे सांगणारा माणूस कोडमध्ये बसवता येत नाही.

विज्ञानाचे दालन सर्वांत भरलेले आहे, आणि शाळकरी वयासाठी तर मराठीत आता तक्रारीला फारशी जागा उरलेली नाही. बालभारती आपली पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य देते, तीही मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांची. या चारही भाषा नांदणाऱ्या सोलापूरला याचा जेवढा उपयोग आहे तेवढा राज्यात क्वचितच दुसऱ्या शहराला असेल. एकच धडा दोन भाषांत शेजारी ठेवून वाचायला घेतला तर भाषा आणि विज्ञान दोन्ही एकदम शिकता येतात. ही युक्ती शिक्षकांनी अजून फारशी वापरलेली नाही. बालभारतीचेच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंकही खुले आहेत, आणि त्यांतले विज्ञानलेख आजच्या चकचकीत व्हिडिओंपेक्षा कितीतरी वेळा सरस वाटतात.

पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ तर खजिनाच आहे. काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुनी वर्तमानपत्रे यांतून खेळणी करायची आणि खेळता खेळता बल, प्रकाश, ध्वनी समजून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. खेळण्यांच्या व्हिडिओंना मराठी निवेदन आहे आणि पुस्तकांच्या दालनात मराठी पुस्तकेही बरीच आहेत. कोलोराडो विद्यापीठात नोबेल मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पातले प्रयोग संगणकावर करता येतात, आणि त्यांतले बरेच मराठीत आले आहेत. ज्या शाळेत व्होल्टमीटर नाही तिथे ही मोठीच सोय. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये संगणक प्रणाली मराठीतून शिकवल्या जातात. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सचे 'स्टोरीवीव्हर' आहे. तिथली मराठी गोष्ट उतरवून घेता येते, बदलता येते, तेलुगूत नेता येते आणि छापून वाटताही येते. ही मुभा परवान्यातच लिहिलेली असते.

पण दहावी ओलांडली की हे भरलेले दालन एकाएकी ओस पडते. बारावीच्या पुढचे रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, जनुकशास्त्र मराठीत शिकायचे तर विनामूल्य साहित्य तुकड्यातुकड्यांत मिळते. इंग्रजीत मात्र 'एनपीटीईएल'वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पूर्ण अभ्यासक्रम पडून आहेत. मंगळवेढ्याहून किंवा अक्कलकोटहून महाविद्यालयात आलेला मुलगा ज्या वर्षी मराठीतून इंग्रजीत पडतो, त्याच वर्षी त्याला आधाराची सर्वांत जास्त गरज असते आणि तेव्हाच तो मिळत नाही. अशा वेळी मुले यूट्यूबवरच्या हिंदी शिकवण्यांकडे वळतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

विज्ञान म्हणजे फक्त शाळा, असे धरून चालणाऱ्यांनी सोलापूरच्या डाळिंबाकडे पाहावे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात २००५ पासून आहे. बहाराप्रमाणे बागेत काय करावे, तेल्या आणि मर रोगाला कसे तोंड द्यावे, कोणती फवारणी कधी टाळावी, याचे सल्ले ते शेतकऱ्यांना मराठीतही देते. याला कुणी 'शैक्षणिक साहित्य' म्हणत नाही, पण शिकणारा प्रौढ आहे, गरज खरी आहे आणि चूक झाली तर बाग जाते. औषध विकणाऱ्याचा सल्लाही फुकटच असतो, फक्त त्याची किंमत बाटलीत धरलेली असते. संस्थेचा सल्ला आणि दुकानाचा सल्ला यांतला फरक ओळखता येणे, हेही विज्ञानशिक्षणच.

आता समाजाचे दालन. इथे जुना माल अस्सल आहे आणि नवा विरळ. कॅम्पबेल यांच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर खंड १८८४ चा. पिके, जाती, बाजार, दुष्काळ, विणकाम, तालुक्यातालुक्यातली देवळे असे सगळे त्यात आहे आणि तो विनामूल्य वाचता येतो. लिहिणारे साहेबाचे सेवक होते, त्यामुळे जातींच्या वर्णनात त्यांचा चष्मा जागोजाग दिसतो. तरी दीडशे वर्षांपूर्वीच्या सोलापूरच्या बाजारपेठेचे एवढे तपशील दुसरीकडे मिळणे कठीण. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकाही खुल्या आहेत. २०११ च्या गणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. गावागावातली शाळा, पाणी, रस्ता यांची नोंद त्या पुस्तिकेत सापडते. ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्याला यापेक्षा चांगले फुकटचे हत्यार नाही. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत, ही मेख.

शासनाने मोठे काम केले ते आंबेडकरांच्या चरित्र साधनांचे. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस' ही खंडमाला निघू लागली. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळासह अनेक ठिकाणी हे खंड उपलब्ध आहेत. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांतले बाबासाहेबांचे मराठी मूळ स्वरूपात वाचायला मिळणे हा वेगळाच अनुभव. भाषणांच्या सुविचारछाप तुकड्यांवर पोसलेल्या पिढीला त्या अग्रलेखांतला युक्तिवाद आणि उपरोध चकित करील. कोशांत केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभा केलेला 'मराठी विश्वकोश' दोन्ही जालावर आहेत. ज्ञानकोशाचे तेवीस खंड १९२० च्या दशकात निघाले. केतकरांनी त्यासाठी भागभांडवल जमवून कंपनी काढली आणि खंड खपवायला गावोगाव पायपीट केली. त्यांची बरीच माहिती आता शिळी झाली आहे, पण शंभर वर्षांपूर्वी मराठी माणसाला जग कसे दिसत होते हे पाहायला तोच कोश उघडावा लागतो. विश्वकोशाचा दर्जा निर्विवाद. त्याच्या नोंदी लेखकाच्या नावानिशी आहेत, आणि मला विश्वास वाटतो तो या सहीमुळे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला आणि लेखांची संख्या आता लाखाच्या घरात आहे. त्यात गावांवरचे लेख बरेच, आणि त्यांतले कितीतरी एकाच साच्यातून काढलेले. गावाचे नाव बदलायचे, बाकी पाऊस तोच, हवामान तेच. अशा पानांनी संख्या फुगते. याउलट आठवीच्या इतिहासात सोलापूरच्या १९३० च्या लढ्यावर जे थोडके लिहिले आहे ते वाचून मूल पुढे शोधू लागले, तर त्याला भरीव लेख हवा. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजी सत्ता काही दिवस नावापुरतीही उरली नव्हती, त्यानंतर लष्करी कायदा आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मे, त्यांच्या घरच्या तीन-चार भाषा, आणि एकाच शहराचा लढा. यावर समकालीन वृत्तपत्रे, खटल्याचे कागद, आठवणी आणि नकाशे एकत्र करून खुला संच करावा, असा विषय आधुनिक महाराष्ट्रात क्वचितच दुसरा सापडेल. हे काम दिल्ली-मुंबईहून कुणी येऊन करणार नाही.

धर्माच्या दालनात तर पूरच आहे. जिल्ह्यात पंढरपूर असल्यावर ज्ञानेश्वरी, गाथा, एकनाथी भागवत यांची वाण पडणार नाही हे उघड. मात्र इथला दोष वेगळा आहे. फोनवर फिरणाऱ्या गाथेत कोणती प्रत वापरली याचा पत्ता नसतो. तुकारामांच्या गाथेची इतिहासात अनेक संपादने झाली. मुंबई सरकारच्या मदतीने विष्णु परशुराम शास्त्री पंडितांनी १८६९ ते १८७३ मध्ये एक छापले आणि १९५० मध्ये पु. मं. लाड यांच्या देखरेखीखाली सरकारी गाथा निघाली. प्रतींत अभंगांची संख्या, क्रम आणि पाठ सगळ्यांतच फरक. जालावरच्या फुकट गाथेत हे सगळे भेद एका फटक्यात पुसले जातात, आणि तुकोबांच्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेल्या ओळीही खपतात. आश्चर्य असे की मराठीत पाठशुद्धीची परंपरा फार जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत भेसळ झाली म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. नाथांनी जे हस्तलिखितांच्या काळात केले ते आपल्याला युनिकोडच्या काळात जमू नये? विकिस्रोतावर मात्र पद्धत बरी आहे. तिथे मूळ छापील पानाचे चित्र एका बाजूला आणि टंकलेला मजकूर दुसऱ्या बाजूला असतो, वाचक स्वतः ताडून पाहू शकतो. धर्मग्रंथांसाठी हीच रीत सार्वत्रिक व्हायला हवी.

सोलापूरचे म्हणून एक धार्मिक प्रकाशनकार्य आहे, त्याची आठवण सोलापुरातही थोड्यांना असेल. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून इथल्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमाला चालवली. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली यतिवृषभाचा 'तिलोयपण्णत्ती' हा प्राकृत ग्रंथ या मालेत १९४३ आणि १९५१ मध्ये दोन भागांत निघाला. ग्रंथ त्रैलोक्याच्या रचनेचा, पण आत वर्तुळाचा परीघ, जीवा, क्षेत्रफळ, घनफळ यांची सूत्रे आहेत. पुढे १९५८ मध्ये याच मालेतल्या 'जंबूदीवपण्णत्ती'सोबत लक्ष्मीचंद्र जैन यांनी त्या गणितावर हिंदीत दीर्घ विवेचन केले. धर्म आणि विज्ञान यांच्या नात्यावर भाषणे झोडणाऱ्यांनी हे खंड उघडावेत. या मालेतले ग्रंथ आज जैन ई-लायब्ररी आणि इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन रूपात सापडतात. मराठीत त्यांचा सोपा परिचय झाला, तर सोलापूरच्या गणित शिक्षकाला तासाला सांगायला घरचे उदाहरण मिळेल.

उर्दू वाचणाऱ्यांचे नशीब या बाबतीत थोर आहे. 'रेख्ता' या संकेतस्थळाने उर्दू काव्य, शब्दकोश आणि हजारो पुस्तके एका जागी आणली. शेर नागरीतही वाचता येतो, शब्दावर बोट ठेवले की अर्थ समोर येतो. मराठी संतकाव्यासाठी, पंडितकाव्यासाठी, शाहिरीसाठी एवढे देखणे एकही घर नाही. मराठीला ग्रंथ कमी आहेत म्हणून नव्हे, कुणी एकाने निष्ठेने बसून ते केले नाही म्हणून.

शाहिरीवरून कलांकडे वळू. हे दालन सर्वांत गरीब, आणि कारण मुख्यतः कायद्याचे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लेखनहक्क टिकतो. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणासाठी प्रकाशनानंतर साठ वर्षे. सोलापूरचा शाहीर राम जोशी अठराव्या शतकातला, त्याच्या लावण्यांवर आज कुणाचा हक्क नाही. त्याच्यावरचा 'लोकशाहीर रामजोशी' हा १९४७ चा चित्रपटही मुदत ओलांडून गेला. पण त्याची गीते लिहिणाऱ्या ग. दि. माडगूळकरांचे निधन १९७७ चे, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत चालणार. एकाच कलाकृतीतला एक थर खुला आणि दुसरा बंद. शिक्षकाला हे कळणार कसे? पंढरपुरात १९१५ मध्ये जन्मलेले मकबूल फिदा हुसेन २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांचे मोकळे मुद्रण २०७२ पूर्वी शक्य नाही. रविवर्म्याची चित्रे मात्र कुणीही छापावीत. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटके मुक्त आहेत, बहिणाबाई आणि साने गुरुजी मुक्त आहेत. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६ चा. असा माल वापरून शाळेत कलेचे वर्षभराचे उत्तम वर्ग चालवता येतील. त्याची नीट यादी करून शिक्षकाच्या हातात देणारे कुणी नाही, एवढेच. शिवाय सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळून वीस वर्षे झाली. यंत्रमागावर जेकार्डने नक्षी कशी उतरते हे जुन्या विणकरांच्या तोंडून, मराठीत आणि तेलुगूत, चित्रमुद्रित होऊन सर्वांसाठी ठेवले जावे. कलेच्या दालनात तेही मोडते.

हक्कांचा विषय निघालाच आहे तर सरकारच्या दारात थोडे थांबू. करदात्याच्या पैशातून झालेली पुस्तके वाचायला फुकट मिळतात, पण वापरायला मोकळी असतातच असे नाही. बालभारतीच्या पुस्तकात आरंभीच लिहिलेले असते की सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. वर्गात शिकवताना उतारा घेण्याची मुभा कायदा शिक्षकाला देतो. पण एखाद्या शिक्षिकेने धड्याचे सोपे कन्नड रूप केले आणि ते जिल्हाभर वाटायचे म्हटले, तर परवानगीचा कागद हवा. परितेवाडीचे कौतुक करणाऱ्या व्यवस्थेने ही विसंगती दूर केली पाहिजे. नमुना शेजारीच आहे. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये चार खंडांचा 'कोंकणी विश्वकोश' क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. मद्रास सरकारने तर १९४९ मध्येच सुब्रह्मण्य भारतींच्या साहित्याचे हक्क घेतले आणि पुढे ते जनतेला दिले, आणि तामिळनाडूत तो पायंडा पुढे चालू राहिला. महाराष्ट्र शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तके पीडीएफ रूपात मिळतात हे चांगलेच आहे. त्यांवर 'नाव द्या आणि वापरा' असा परवाना छापायला खर्च शून्य.

रूपाचाही एक मुद्दा राहतो. जुनी मराठी पुस्तके जालावर बहुधा स्कॅन केलेल्या पानांची असतात. त्यांत शब्द शोधता येत नाही, फोनच्या पडद्यावर अक्षर मोठे होत नाही, अंध वाचकाला ऐकता येत नाही. अक्षर ओळखणारी यंत्रे आता मराठीत बऱ्यापैकी काम करतात, तरी जोडाक्षरे आणि जुने टंक यांत चुकतात, आणि शेवटचा हात माणसालाच फिरवावा लागतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने भाषेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हेच काम द्यावे. एका विद्यार्थ्याने वर्षाला पन्नास पाने विकिस्रोतावर तपासली, तर त्याचे शुद्धलेखन सुधारेल आणि जिल्ह्याला एक ग्रंथालय मिळेल. सार्वजनिक वाचनालयांनीही फलकावर नव्या पुस्तकांच्या शेजारी दर महिन्याला विनामूल्य साहित्याची छोटी यादी लावावी. दहा नावे पुरेत, पण ती कुणीतरी वाचून निवडलेली हवीत.

वाचकांनाही एक सांगणे. आचार्य अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०३० ला मुक्त होईल. ज्यांच्या घरी या लेखकांच्या जुन्या आवृत्त्या आहेत त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. जवळच्या वाचनालयाला कळवावे, आणि त्या दिवसापर्यंत पाने नीट स्कॅन करून, तपासून तयार ठेवावीत.